शकुंतलाबाईंची दुसरी पिशवी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्या मैत्रिणीला माझ्या वजनापासून पगारापर्यंत सगळं ठाऊक आहे तिलाही नाही. मग तुम्हालाच का? — तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून, असं लिहिणार होते. पण तेही अर्धंच खरं आहे, आणि आज निदान एक दिवस अर्धं खरं बोलायचं नाही असं ठरवून मी बसले आहे.

आधी मी काय काम करते ते सांगते. म्हणजे मूळ गोष्ट जरा लांबेल. लांबली तर मला बरंच वाटेल, हेही कबूल करून टाकते.

मी द्राक्षं तपासते. वीसेक वर्षं तपासते आहे. आपल्या मंडईत द्राक्षाला कोणी विचारत नाही, बाबा रे, तुझ्यावर काय काय फवारलंय. नळाखाली धरलं, चार थेंब झटकले, की तोंडात. युरोपात तसं चालत नाही. तिथे प्रत्येक औषधाचा किती अंश फळात चालेल याची यादी असते, आणि तो अंश इतका बारीक, की टँकरभर पाण्यात कोणी चिमूटभर मीठ टाकलं तरी ते आम्ही पकडायचं. ती यादीही आठवड्याला बदलू शकते. तिकडे कुठल्याशा कचेरीत कोणी एक आकडा खाली आणला, की इकडे जुन्नरच्या बाजूला एखाद्याची झोप उडते. जगाचा बाजार खुला झाला म्हणतात तो असा — दार उघडलं, पण दारात पहारेकरी बसला. आणि पहारेकऱ्याच्या हाताखाली आम्ही.

मी एमएस्सी झाले तेव्हा पुण्यात जो तो संगणक शिकत होता. माझा धाकटा भाऊ संदेशही त्यातलाच. रसायनशास्त्र घेतलं म्हणून मला सगळे हळहळून बघायचे. आम्ही बिबवेवाडीला राहायचो, वडील पाटबंधारे खात्यात कारकून. मला हडपसरच्या बाजूला एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी लागली, एका औद्योगिक इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. ती प्रयोगशाळा आता बंद झाली आहे. पहिल्या दिवशी तिथल्या एकाने पूर्ण नाव विचारलं, मी सांगितलं, त्याने नुसतं "अच्छा" म्हटलं. ज्यांना तो "अच्छा" कधी ऐकावा लागला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. मी ठरवलं, माझी एकही चूक या लोकांना दिसता कामा नये. चूक होऊ नये असं नाही ठरवलं — दिसू नये असं ठरवलं. या दोन्हींत किती अंतर आहे, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं?

आता दोन पिशव्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. निर्यातीच्या बागेतून नमुना घेतात तेव्हा द्राक्षं बागवानासमोरच दोन पिशव्यांत भरतात. दोन्हींना सील, आणि सीलवरून आडवी बागवानाची सही. पहिली पिशवी आम्ही मोठ्या मिक्सरच्या जारमध्ये वाटतो आणि तपासतो. दुसरी न उघडता फ्रीजरमध्ये ठेवतो. पहिलीत काही सापडलं आणि बागवानाला ते पटलं नाही, तर तो म्हणू शकतो — माझी दुसरी उघडा. तो त्याचा हक्क. परदेशातला खरेदीदार, इथला निर्यातदार, सरकारी नियम, एवढ्या सगळ्यांपुढे त्याच्या बाजूची एकच वस्तू असते, ती दुसरी पिशवी.

शकुंतलाबाई जुन्नर तालुक्यातल्या. नवरा भोसरीत एका कारखान्यात, आणि बाग पूर्ण बाईंच्या हातात. छाटणीपासून फवारणीपर्यंत सगळं त्याच बघायच्या. गावातल्या बागवानांनी मिळून एक गट केला होता, सगळ्यांची द्राक्षं एका कंटेनरमध्ये जायची होती, थेट रॉटरडॅमला. गटातल्या त्या एकट्याच बाई. दीर गटाचा अध्यक्ष. गटात घेतानाही त्याने कुरकुर केली होती म्हणे. बाईंचं ते निर्यातीचं पहिलंच वर्ष होतं.

त्यांचा नमुना माझ्या हाताखाली आला त्या दुपारी काय झालं, ते मी शक्य तितकं सरळ सांगते. आमचं यंत्र नीट पकडतंय की नाही हे बघायला आम्ही अधूनमधून साध्या द्राक्षांत स्वतःच एखादं औषध मिसळून वाटतो. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे, असा नमुना. त्या दिवशीही मी तसा एक वाटला. त्यानंतर जार ॲसिटोनने तीनदा विसळायचा आणि तक्त्यावर बरोबरची खूण करायची, मग पुढचा नमुना. तेवढ्यात बाहेरच्या टेबलावर माझ्यासाठी फोन आला. वडील होते. संदेशची एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत निवड झाली होती. वडिलांचा आवाज मी इतका आनंदी कधी ऐकला नव्हता. मलाही आनंद झाला — आणि थोडा हेवाही वाटला. परत आले तर जार समोर, ओला. मी तो विसळला होता का? आठवेना. आठवत नसेल तर पुन्हा विसळायचा, हा नियम मला पाठ होता. पण बाहेर नमुन्यांची रांग लागलेली, सर मघाशीच बोलून गेलेले. आमचे सर बोलायचे कमी आणि लागायचं जास्त. "जार धुवायला इथे एमएस्सीच लागते असं नाही," म्हणाले होते. मी नळाखाली जार धरला, झटकला, खूण केली आणि शकुंतलाबाईंची पहिली पिशवी त्यात ओतली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. चूक माणसाच्या हातून होते. माझा कबुलीजबाब त्या चुकीबद्दल नाही.

तीन दिवसांनी अहवाल गेला, आणि चौथ्या दिवशी बाई आल्या. पहाटेच्या एसटीने निघाल्या असणार. नऊ वाजता दारात उभ्या, डोक्यावरून पदर, काखेत पिशवी, पिशवीत फवारणीची वही. कुठल्या तारखेला काय मारलं, किती मारलं, सगळं मुलीच्या वळणदार अक्षरात. अहवालातल्या औषधाचं नाव त्यांना नीट म्हणताही येईना.

"म्याडम, ह्ये औषध आमच्या घरात आलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "वही बघा की तुम्ही."

मी वही बघितली. मग औषधाचं नाव बघितलं. आणि मग — तक्ता काढायचीही गरज पडली नाही. द्राक्षावर सहसा कोणी मारत नाही ते औषध त्या दुपारी मीच, माझ्या हाताने, आधीच्या नमुन्यात मिसळलं होतं.

सरांनी वही चाळली आणि म्हणाले, "दुसरी पिशवी उघडू या. उद्या करून टाका." बाई खूश झाल्या. त्यांना वाटलं, झालं, सुटलो. प्रयोगशाळेतल्या मावशींनी चहा आणला तो त्यांनी बशीत ओतून आरामात प्यायला. मी समोर उभी होते.

किती सोपं होतं बघा. दुसरी पिशवी उघडायची, स्वच्छ जारमध्ये वाटायची, आकडा येईल तो लिहायचा. मग सर विचारणार, पहिल्यात आलं कुठून? मग तक्ता निघणार, आणि तक्त्यावर माझी खोटी खूण. फार तर काय झालं असतं? बोलणी. कदाचित नोकरी. आणि तो "अच्छा" — हो, त्याची भीती सगळ्यात जास्त होती. बघा, आम्ही काय म्हणत होतो, असं कोणी म्हणेल याची. इतकी वर्षं मी हे कारण जपून ठेवलं. वेळ पडली तर काढता येईल म्हणून. ते खोटं नाही, पण आज मी ते मागे घेते. शकुंतलाबाईंनी माझं आडनाव विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त वही बघा म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हे केलं. त्यांच्या पहिल्या पिशवीतल्या द्राक्षांचा अर्क एका छोट्या बाटलीत उरला होता, तो फ्रिजमधून काढला. त्याच्यावर दुसऱ्या पिशवीचा क्रमांक लिहिला आणि तोच यंत्राला दिला. आकडा तोच आला, येणारच होता. आता पिशवी उघडलेली दिसायला हवी होती. मी ती फ्रीजरमधून काढली. सीलवर त्यांची सही होती, मोठ्या, एकेक जोडलेल्या अक्षरांत. ती मी कात्रीने मधोमध कापली. द्राक्षं कचऱ्याच्या पिंपात टाकली. गोठलेली होती, खडखड वाजली.

त्या निकालासाठी बाई पुन्हा आल्या. कागद त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली. "मंग वही खोटी म्हनायची?" एवढंच विचारलं. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणाले, "शकुंतलाबाई, यंत्र खोटं बोलत नाही."

"आन मी?" त्या म्हणाल्या.

मी पुढचा नमुना घ्यायला आत गेले.

त्यांची बाग त्या वर्षी निर्यातीच्या यादीतून निघाली. एका बागेमुळे अख्खा कंटेनर अडकायचा, म्हणून गटाने त्यांना बाहेर काढलं. द्राक्षं वाया गेली नाहीत, इथल्या बाजारात गेली. त्या हिवाळ्यात पुण्यातल्या कोणीतरी ती खाल्ली असतील आणि गोड आहेत म्हटलं असेल. गेलं ते वेगळंच काही. ही बाई लपवून औषध मारते आणि वहीत खोटं लिहिते, हे गावात ठरून गेलं. हे मला तेव्हाच कळलं. नमुने घेऊन येणारे लोक अशा बातम्या आणतातच. मी ऐकलं आणि खाली बघून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत राहिले.

आमच्या घरी रविवारी सगळे विहारात जातात. पंचशील म्हणताना चौथ्याला, मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहीन — तिथे माझा आवाज खाली जायचा. शेजारी आई उभी असायची. तिला वाटायचं माझा घसा धरला आहे. घरी आल्यावर ती आल्याचा चहा करून द्यायची. मी प्यायचे.

पुढे ती नोकरी सोडली, दुसरीकडे लागले, लग्न झालं, कर्वेनगरला आलो. आज एका प्रयोगशाळेची प्रमुख आहे. माझा एक नियम सगळ्यांना माहीत आहे: जार एकाने धुवायचा, दुसऱ्याने बघायचा, दोघांच्या सह्या. आणि चूक सांगायला आलेल्याला कोणी एक शब्द बोलायचा नाही. लोक म्हणतात, मॅडम फार काटेकोर आणि तरी किती समजूतदार. मी ऐकून घेते.

गेल्या महिन्यात शिवाजीनगरला द्राक्ष बागवानांचं एक शिबिर होतं. 'निर्यात आणि विश्वास' या विषयावर बोलायला मला बोलावलं होतं. हसू नका. मी बोलले, चांगलंच बोलले. नंतर संयोजक म्हणाले, आता एका गटाच्या अध्यक्षबाई त्यांची पद्धत सांगतील. आणि शकुंतलाबाई उठल्या. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला, पण चाल तीच.

त्यांनी वही उघडून दाखवली. प्रत्येक फवारणीच्या नोंदीपुढे त्या औषधाच्या खोक्याचं लेबल कापून चिकटवलेलं. खाली खरेदीची पावती, आणि शेजारच्या बागवानाची सही, की मी डोळ्यांनी बघितलं. त्यांच्या गटात आता सगळेच असं करतात, दीरसुद्धा. परदेशातून तपासायला आलेल्या माणसाने त्या वहीचे फोटो काढून नेले म्हणे. गावातल्या अकरा बायका आज स्वतःच्या नावाने माल पाठवतात. सभागृह कौतुकाने ऐकत होतं. मी खुर्चीचे हात धरून बसले होते.

"ह्ये मी का चालू केलं," त्या म्हणाल्या, "तर पैल्या वर्षी माजा नमुना नापास झाला. दोन्ही पिशव्या. घरचं मानूस म्हनलं, तूच मारलं आसशील आन इसरली आसशील. मी लई दिस न्हाई न्हाई म्हनले. मंग मला बी तसंच वाटाया लागलं. यंत्र काय खोटं बोलतंय व्हय? तवापास्नं माजा माज्यावर इश्वास न्हाई, म्हनून लेबल चिकटिवती." लोक हसले. त्यांनाही हसू आलं. मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "ह्या म्याडमच व्हत्या तवा. लई बारीक व्हत्या. त्यांच्या रिपोर्टानं शिकले मी."

टाळ्या वाजल्या. आणि मी — उठून उभी राहिले, हात जोडले, नमस्कार केला. टाळ्या घेतल्या मी.

त्यांचा माल गेला, नाव गेलं, हे मला माहीत होतं. त्यांनी स्वतःवरच विश्वास ठेवणं सोडलं होतं, हे माहीत नव्हतं. वीस वर्षं ती बाई लेबलं चिकटवते आहे, कारण तिला वाटतं आपली आठवण आपल्याला फसवते. तिची आठवण शाबूत होती. वहीतलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. त्या वहीतून जे उभं राहिलं ते तिचं, तिच्या एकटीचं. माझ्या खोट्यातून काही चांगलं उगवलं असं म्हणायची सोय मला नाही, आणि कोणी ती करून दिली तर मी घेणार नाही.

तरीही मी गप्पच राहिले असते, स्वतःला ओळखते मी. पण परवा सकाळी आमच्याकडची सायली माझ्या टेबलापाशी आली. चोवीस वर्षांची, नोकरीला चार महिने झालेली. "मॅडम, काल तिसऱ्या नमुन्यानंतर मी जार धुतला की नाही मला आठवत नाही, खूण मात्र केली आहे, सॉरी," एका दमात म्हणाली. सही देणारा सहकारी रजेवर होता, तिने एकटीनेच उरकलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, कालच्या नमुन्यांचा सगळा गठ्ठा पुन्हा तपासू. दुपारपर्यंत झालाही. नंतर ती डबा खात बसली होती, मैत्रिणीच्या कुठल्याशा बोलण्यावर मोठ्याने हसत. मी काचेतून बघत राहिले. तिला किती बरं वाटत असेल, हा पहिला विचार. मलाही वाटू शकेल का, हा दुसरा नाही. दुसरा विचार होता, शकुंतलाबाईंना किती बरं वाटेल.

खरंच, इतक्या वर्षांत हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मी सांगितलं तर माझं काय होईल, एवढंच मी घोळवत होते. सांगितलं तर त्यांना काय मिळेल? त्यांची आठवण परत मिळेल. नवरा आहे अजून, दीर आहे, मुलगी मोठी झाली असेल. त्या सगळ्यांसमोर त्यांना म्हणता येईल, मी म्हणत नव्हते? अजून उशीर झालेला नाही. बाई धडधाकट आहेत, त्या दिवशी सभागृहाचा जिना माझ्या आधी उतरल्या.

काल मी गटाच्या कार्यालयात फोन केला. रविवारी त्यांची बैठक असते, सगळे बागवान येतात. मी दहा मिनिटं मागितली. पलीकडचा मुलगा म्हणाला, या की मॅडम, विषय काय लिहू? मी म्हटलं, जुन्या अहवालात दुरुस्ती. त्याने लिहून घेतलं.

हे सगळं तिथे मी वाचणार आहे, टाळ्यांसकट. ऐकून त्या काय म्हणतील ते मी मनात रंगवलेलं नाही. त्यांनी काही म्हणावं अशी अपेक्षाही नाही. तुमच्याकडूनही नाही. ते औषध त्यांच्या बागेत कधी नव्हतं, एवढंच मला गावासमोर सांगायचं आहे. कोणी पुरावा विचारेल, आणि विचारावाच. पिशवी मी दाखवू शकत नाही, ती मीच कापून फेकली. म्हणून पत्र पाठवत नाही, मीच जाते आहे.